निळी बाळे मोठी होतात तेव्हा

जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात सुपे गाव गेले, कचेरी जोयड्यास आली आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरास वसली. सरकारी नोकरीमुळे त्या याद्या आमच्या नजरेखालून गेल्या. नावापुढे वय असे, नाते असे. कोणाचे हृदय जन्मतःच सदोष आहे, हे लिहिण्यास रकाना नव्हता. तो असावा असे आम्हांसही तेव्हा सुचले नाही. असे मूल मोठे होईल, हेच आपल्या घरांत फारसे कोणी धरून चालत नसे.

वास्तविक दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बालकांत असा दोष असतो, आणि त्यांतील काही उपचाराविनाही मोठी होत. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये वर्णिलेला रुग्ण ३२ वर्षांचा होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास मोठे छिद्र राहिले, तर फुप्फुसांत रक्त जोराने जाते, तेथील वाहिन्या कालांतराने कठीण होतात आणि मग छिद्र बुजवणेच घातक ठरते. अभिनेत्री मधुबाला यांच्या हृदयात असेच छिद्र होते. १९५४ मध्ये अमेरिकेत लिलेहाय यांनी हृदय उघडून असे छिद्र शिवून दाखवले; परंतु पुढे मधुबाला लंडनला गेल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

त्याआधी १९४४ मध्ये बाल्टिमोरला ब्लेलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी ‘निळ्या बाळां’साठी रक्तवाहिनी जोडण्याची युक्ती काढली होती. इतिहास बहुधा येथेच टाळ्या वाजवून थांबतो. पण शिवलेले हृदय म्हणजे निर्दोष हृदय नव्हे. वीस-तीस वर्षांनी झडप गळू लागते, ठोके चुकतात, दातांच्या दुखण्यातून जंतू हृदयापर्यंत पोहोचतात. बाळंतपण तर कसोटीच. पाश्चात्त्य देशांत आज असे प्रौढ बालकांहून संख्येने अधिक आहेत.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी-शाळांतील तपासणीत दोष सापडू लागले, हे मोठेच काम. मात्र त्याची मर्यादा अठराव्या वर्षापर्यंतच.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीची लहानपणी शस्त्रक्रिया झाली होती. लग्न ठरताना वडीलधाऱ्यांनी ती गोष्ट लपवली. कागद माहेरच्या माळ्यावर गेले आणि तेथे वाळवीने खाल्ले. पहिल्या खेपेस धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, शस्त्रक्रिया कोणती? तिच्यापाशी छातीवरचा व्रण तेवढा होता. बेळगावला पुन्हा सर्व तपासण्या झाल्या, नवऱ्यास सारे कळले. तो रागावला, पण व्रणापायी नव्हे, गेलेल्या कागदांपायी. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नवा अहवाल त्याने जमिनीच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला असून किल्ली बायकोजवळ असते.