बार्शी लाईट रेल्वे : अल्पखर्ची नवप्रवर्तन आणि कुर्डुवाडीचा अनुभव

प्रस्तावना

नवप्रवर्तन म्हणजे केवळ नवा शोध नव्हे. जोसेफ शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने उपलब्ध साधनांच्या नव्या जुळणीस आर्थिक विकासाचे मूळ मानले. अशा जुळणीचा लाभ कोणाच्या पदरी पडला आणि उरलेला खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो. कुर्डुवाडी येथून १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे या दृष्टीने उद्बोधक ठरते.

नवप्रवर्तनाचे स्वरूप

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. परंतु बार्शीची बाजारपेठ त्यापासून सुमारे २१ मैल दूर राहिली. कुर्डुवाडीच्या स्थानकास 'बार्शी रोड' हे नाव पडले, यातच ही उणीव दिसते. एवढ्या अंतरासाठी ब्रॉडगेज लोहमार्गाचा खर्च परवडणारा नव्हता.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने येथे वेगळा विचार मांडला. लोहमार्गाचा खर्च प्रामुख्याने चाकांच्या प्रत्येक जोडीवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतो, हे त्याने ओळखले. इंजिने व डबे यांचा भार सर्व आसांवर समान विभागून तो ५ टनांच्या मर्यादेत ठेवला. त्यामुळे यार्डास ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे ठरले. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट असूनही या मार्गावर मोठ्या क्षमतेच्या वाघिणी धावू शकल्या.

विस्तार आणि मर्यादा

हा मार्ग पुढे पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढला व त्याची लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. शेतमालास मुंबईची वाट मिळाली, तर पंढरीच्या वारकऱ्यास प्रवासाचे नवे साधन लाभले. ज्या प्रदेशास मोठे भांडवल आकृष्ट करता आले नसते, तो अशा रीतीने बाजारव्यवस्थेशी जोडला गेला.

तथापि वाचलेला सर्वच खर्च नाहीसा झाला नव्हता. दोन मापांचे मार्ग कुर्डुवाडीस एकत्र येत. परिणामी मुख्य मार्गावर जाणारा माल येथे उतरवून पुन्हा भरावा लागे. बांधणीतील बचतीचा काही भाग हमालांच्या श्रमांच्या, व्यापाऱ्यांच्या वेळेच्या आणि मालाच्या हाताळणीच्या रूपाने कायमचा खर्च होऊन राहिला. कंपनीची नोंदणी लंडनची असल्याने नफ्याचे हक्कदार व हा भार वाहणारे एकच नव्हते.

१९५४ मध्ये शासनाने ही रेल्वे ताब्यात घेतली. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर मात्र टप्प्याटप्प्याने, नव्या शतकात झाले. त्या वेळी बदललेल्या आखणीमुळे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, शहर लोहमार्गावर आले.

निष्कर्ष

शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या या मार्गाने साधनांच्या काटकसरीतून समावेशक विकास शक्य असल्याचे दाखविले. त्याचबरोबर, स्वस्त व्यवस्था मुख्य व्यवस्थेशी सहज जुळणारी नसेल तर तिची किंमत दुर्बल घटकांनाच दीर्घकाळ मोजावी लागते, हेही स्पष्ट केले. म्हणून ग्रामीण भागासाठी अल्पखर्ची तंत्र स्वीकारताना उभारणीच्या खर्चाबरोबरच त्या जोडणीचा खर्च कोणाच्या खांद्यावर पडणार, याचा हिशेब आरंभीच मांडला जाणे आवश्यक आहे.