आखाजीची सुटी आणि लिंबायतचा उन्हाळा

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे येतात. अलीकडची सुरत आठवावयाची झाली तर १९९४ चा प्लेग आणि २००६ चा तापीचा महापूर. शहराच्या दक्षिण-पूर्व अंगाला लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत जी खानदेशी वस्ती आहे, तिच्याविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले तेही याच आपत्तींच्या निमित्ताने. माणसे आली कशासाठी, राहिली कशी आणि पळाली केव्हा, एवढीच त्यांची नोंद. ती हसली केव्हा, मुलाबाळांना घेऊन कोठे गेली, मे महिन्याच्या दुपारी घरात काय करीत बसली, हे कोणी टिपून ठेवलेले दिसत नाही. आमच्या मते ही उणीव लहान नाही. लिंबायतकरांच्या उन्हाळ्याचा विचार करू लागले की तो आखाजीपाशी येऊन थांबतो, आणि आखाजीचा विचार करू लागले की थेट खानदेशातील शेतमजुराच्या हिशेबापाशी जाऊन पोहोचतो.

अक्षय्य तृतीया महाराष्ट्रात सर्वत्र पाळली जाते. परंतु खानदेशात तिचे आखाजी हे रूप वेगळेच आहे. तेथे तिचे मोल दिवाळीच्या बरोबरीचे. बहिणाबाई चौधरींनी या सणावर स्वतंत्र कविता रचली, यावरून त्याचे स्थान ध्यानात यावे. सणाला तीन अंगे आहेत. पहिले पितरांचे : मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर लहान मडके, वर खरबूज, आंबा ठेवून पूर्वजांना स्मरावयाचे आणि पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवावयाचा. दुसरे बायकांचे : मुराळी जाऊन सासुरवाशिणीला माहेरी आणतो, गौराई मांडली जाते, लिंबाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीला झोके बांधले जातात आणि एरवी सासरी दबून राहिलेला आवाज अहिराणी गाण्यांतून मोकळा होतो. या गाण्यांत सासूची, नणंदेची, प्रसंगी नवऱ्याचीही जी खरडपट्टी काढलेली असते, ती वर्षात अन्य दिवशी काढण्याची सोय नव्हती.

तिसरे अंग फारसे सांगितले जात नाही, पण आमच्या विषयाला तेच सर्वांत जवळचे आहे. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला संपते. वर्षभर मालकाच्या शेतावर राबलेल्या गड्याचा हिशेब त्या दिवशी होतो. तो पुन्हा त्याच घरी राहणार की दुसरीकडे जाणार, हे तेव्हाच ठरते. जुने साल संपले आणि नवे लागले नाही, अशा त्या मधल्या मोजक्या दिवसांत तो कोणाचाच चाकर नसतो. गावात पारावर पत्त्यांचे डाव रंगतात, त्यांत पैसेही लागतात, आणि एरवी डोळे वटारणारी वडीलधारी माणसे तेवढे दिवस काणाडोळा करतात. त्या डावांवर टीका पुष्कळ झाली आहे व ती रास्तही आहे. तरी एवढे म्हणावेसे वाटते की वर्षातून एकदाच ज्याचा वेळ त्याच्या मालकीचा होतो, त्याने तो शहाणपणानेच खर्चावा ही अपेक्षा जरा कडक आहे.

अशा सालदारांची, अल्पभूधारकांची आणि १९७२ च्या दुष्काळाने घराबाहेर काढलेल्यांची मुले सुरतेस आली. त्यांना आणणारा मार्ग त्याआधीच तयार होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून तापीच्या खोऱ्याने अमळनेरपर्यंत लोहमार्ग पडला आणि पुढे जळगावशी जोडला गेला. १९६० नंतरच्या दशकांत सुरतेत यंत्रमाग वाढत गेले, तसा खानदेशी माणूस या गाडीने येत राहिला. उधना स्थानकावर उतरले की लिंबायत जवळच. ज्या नदीच्या काठी गाव, तिच्याच मुखापाशी रोजगार. तापीचे पाणी आणि तापीकाठची माणसे एकाच दिशेने वाहिली, असे म्हटले तरी चालेल.

मात्र लूमच्या खात्यात साल नव्हते. तेथे हिशेब मीटरवर, पगार पंधरवड्याला, आणि पाळी बारा तासांची. सुटी म्हणजे बिनपगारी दिवस. आखाजीला गावी गेलेल्या कारागिराच्या मागावर दुसरा माणूस उभा राहावयाचा आणि परतल्यावर तो माग मिळेलच याची खात्री नसे. तरी माणसे जात. पंधरा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडून, पोराबाळांसह, डोक्यावर ट्रंका घेऊन जात. याला उधळेपणा म्हणणारेही होते. आम्हांस मात्र त्यात गावच्या सालदाराचा जुना हक्क दिसतो. करार नसलेल्या शहरात त्याने आपली सुटी आपणच ठरवून घेतली आणि तिची किंमतही आपणच मोजली.

मुलांच्या लेखी हा सगळा हिशेब नव्हताच. त्यांची मौज उधना फलाटावरच सुरू होई. बारडोली, व्यारा, सोनगड ही स्थानके मागे पडली की नवापूर येते. १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा सीमा या स्थानकाच्या मधून गेली. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात, आणि एका बाकाचे अर्धे अंग या राज्यात तर अर्धे त्या राज्यात. या बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसणे हा लिंबायतच्या पोरांचा ठरलेला खेळ. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, तेथून एस. टी. किंवा बैलगाडी. ज्यांचे गाव अमळनेरकडे, त्यांचे भाग्य थोर. तेथे संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या कोरड्या पात्रात भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि त्या दरम्यान वाळूत पाळणे, रेवड्या, भांड्यांची दुकाने. अमळनेरचे नाव निघाले की सुशिक्षित मंडळी साने गुरुजी आणि तत्त्वज्ञान मंदिर यांचे स्मरण करतात. ते योग्यच; पण सुरतेहून आलेल्या मुलाला अमळनेर म्हणजे नदीतला पाळणा.

जे गावी जाऊ शकत नसत त्यांचा उन्हाळा घराच्या गच्चीवर उगवे. भल्या पहाटे बायका कुरडयांचा चीक शिजवीत. तो गरम चीक वाटीत घेऊन तेल-मीठ घालून खाणे, यासाठी मुले न उठवता उठत. ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, शेवया यांनी खाटा आणि जुनी धोतरे भरून जात, आणि काठी घेऊन कावळे हाकण्याची नेमणूक मुलांकडे येई. पहारेकऱ्यानेच अर्धओले पापड फस्त केल्याच्या तक्रारी दर वर्षीच्या. एका घरच्या कुरडयांना चार घरच्या बायका येत, मग त्या घरी हे चौघींनी जावयाचे. रात्री त्याच गच्चीवर अंथरुणे पडत. खालून लूमचा खडखडाट चालूच असे. त्या आवाजात झोपलेली मुले गावच्या शांततेत पहिल्या रात्री जागी राहत, असे अनेक घरांतून ऐकले आहे.

शहरातली मौज जरा उशिरा आली. तिचे कारण अंतर नव्हे, मोकळा दिवस नसणे हे होते. डुमसचा किनारा शहरापासून सुमारे वीस किलोमीटर. काळी वाळू, टमाट्याची भजी आणि भुतांच्या गोष्टी या तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध. सरथाणा येथील महापालिकेचे प्राणिसंग्रहालय १९८४ पासूनचे. पुढे २००९ मध्ये विज्ञान केंद्र, २०१४ मध्ये पाल येथील मत्स्यालय, आणि सोळाव्या शतकात मलिक गोपीने बांधलेले गोपी तलाव डागडुजी होऊन २०१५ मध्ये लोकांसाठी उघडले गेले. रस्त्यावर बर्फाचे गोळे, उसाचा रस आणि सुरती लोक ज्याला गलेली म्हणतात ते ताडफळ. तीस-चाळीस वर्षांत असे झाले की उन्हाळ्याच्या प्रवासाची दिशा उलटू लागली. गावचे चुलतभाऊ, मामेभाऊ आता लिंबायतला येतात. त्यांना समुद्र पाहावयाचा असतो. वडील मंडळींना लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो, आणि त्यासाठी रिंगरोडच्या कापड बाजारासारखी जागा नाही. पूर्वी जे घर पाहुणे म्हणून गावी जात असे, ते आता यजमान झाले. एखादी वस्ती परगावची न राहता त्या शहराची केव्हा झाली, हे ठरविण्यासाठी मतदारयादीपेक्षा ही खूण आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटते.

या बदलात शाळेचाही हात आहे. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या, ही आपल्या समाजासाठी मोठीच गोष्ट. परंतु तिथी आणि सुटी यांचा मेळ बसत नाही. आखाजी २०२३ मध्ये २२ एप्रिलला आली, २०२४ मध्ये १० मे रोजी, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. गुजरातेत उन्हाळी सुटी साधारणतः मे महिन्यात सुरू होते. म्हणजे सण लवकर आला की मुले शाळेत किंवा परीक्षेत अडकलेली. आजोबांच्या पिढीने माग सोडला, पण नातवाची परीक्षा सोडवत नाही.

एक वर्ष मात्र साऱ्यांनाच थांबावे लागले. २२ मार्च २०२० पासून प्रवासी गाड्या बंद झाल्या. आखाजी २६ एप्रिलला होती. त्या वसंतात सुरतेत लिंबायत हा करोनाच्या सर्वाधिक झळीचा भाग ठरला. गाडी बंद, लूम बंद, गल्ल्या अडविलेल्या. घागर मिळाली नाही तेथे पितळी तांब्या पूजला गेला, आणि गौराईची गाणी माहेरवाशिणींनी फोनवरून म्हटली. लूमच्या आवाजाशिवाय गच्चीवर झोपलेली लिंबायतची ती बहुधा पहिलीच आखाजी.

झोक्याचे मात्र काय झाले हे सांगणे क्रमप्राप्त आहे. वस्तीच्या नावात लिंब असला तरी झोका बांधण्याजोगे झाड गल्लीत क्वचितच आढळते. जिन्याच्या लोखंडी पाइपाला, गच्चीच्या तुळईला दोर बांधून मुली झोके घेतात. त्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. दोर कशालाही बांधता येतो. चिंता वेगळी आहे. आता लिंबायतच्या मुली लिंबायतमध्येच दिल्या जातात. सासर गोडादऱ्यात, माहेर दोन गल्ल्यांपलीकडे. मुराळी दुचाकीवर येतो आणि संध्याकाळी बहिणीला परत सोडतो, कारण घरी साड्यांना खडे चिकटविण्याचे, लेस लावण्याचे नगावरचे काम पडलेले असते. जी सुटी मुळात बाईला घराबाहेर काढण्यासाठी होती, ती अंतर कमी झाल्यामुळे आखडली. पूर्वी दीडशे-दोनशे मैलांचा प्रवास तिच्या पंधरा दिवसांच्या विसाव्याची हमी होता. दोन गल्ल्यांच्या अंतराला तशी हमी देता येत नाही. पुरुषाला लूमच्या खात्यातून जी सुटी भांडून मिळवता आली, ती बाईला घरातून मिळवून देण्याचा प्रश्न आपल्या मंडळांनी, आमच्या समजुतीप्रमाणे, अद्याप हाती घेतलेला नाही. आखाजीच्या दिवशी सत्कार-समारंभ होतात. त्याऐवजी एखादी मोकळी शाळा, तिच्या आवारातील झाडे आणि दोन दिवसांचे जेवण पुरुषांनी रांधण्याची व्यवस्था झाली, तर गौराईची गाणी अजून पाठ असलेल्या बायका लिंबायतमध्ये पुष्कळ आहेत.

गावी जाणारे अजूनही जातात. उधना-जळगाव मार्गाचे दुपदरीकरण २०१८ मध्ये पुरे झाले, गाड्या वाढल्या, पण वैशाखात जागा मिळणे कठीणच. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते. त्यामुळे फाल्गुनातच पंचांग काढून आखाजीची तारीख पाहावयाची, तेथून साठ दिवस मागे मोजावयाचे, आणि त्या सकाळी घरातल्या शिकलेल्या मुलाला फोन हातात देऊन बसवावयाचे, ही लिंबायतच्या उन्हाळ्याची नवी सुरुवात आहे.