शक्ती-तुऱ्याच्या गीतांमागील प्रेरणा
चिपळूण तालुक्यातील सावर्डे ज्या मुलखात वसले आहे, तेथे गणेशोत्सवात रंगणारी जाखडी, म्हणजे मध्यभागी बसलेल्या शाहीर, ढोलकीवादक व झांजवाल्यांभोवती पायांत चाळ बांधून फेर धरण्याचे नृत्य, ही स्वतः गीते रचून गाणाऱ्या कवींचीही परंपरा आहे. तिचा वैचारिक पाया कलगी-तुऱ्याच्या जुन्या वादात सापडतो: शक्तिवाले, म्हणजे कलगी पक्षाचे शाहीर, आदिमायेला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, आणि त्यामुळे प्रकृती-पुरुषाचा गहन विचार शेतकऱ्याच्या अंगणात सवाल-जवाबाच्या रूपाने उतरतो. गण आणि गौळण आटोपल्यावर एक शाहीर पुराणातले कूट गीतात गुंफून प्रतिपक्षापुढे टाकतो, आणि त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यावे लागत असल्याने शाहिराला पोथ्यांचा व्यासंग आणि शीघ्रकवित्व दोन्ही लागतात.

गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनी ही कला मुंबईत नेली, तिथे ती बाल्या नाच म्हणून ओळखली गेली, आणि पुराणकथांच्या जोडीला गावाची ओढ, घरच्यांचा विरह, व्यसन, हुंडा असे विषय गीतांत आले. पुढे चित्रपटगीतांच्या चालींवर शब्द बसवले जाऊ लागले. उसन्या चालीमुळे या रचनांना हलके लेखणे मात्र अन्यायाचे आहे, कारण चाल ओळखीची असली की श्रोत्याचे लक्ष अर्थाकडे लागते, आणि सवालाची खरी कसोटी अर्थामध्येच असते.