मिसफायर, ऑक्सिजन सेन्सर आणि फ्युएल ट्रिम

सिलिंडरमधले हवा-इंधनाचे मिश्रण न पेटता, किंवा अर्धवट जळून, एक्झॉस्टमध्ये ढकलले जाणे म्हणजे मिसफायर. गॅरेजच्या बोलीत अशी गाडी ‘मिसिंग’ करते. कार्ब्युरेटरच्या काळात त्याचा त्रास धक्के, घटलेली ताकद आणि सायलेन्सरमधून येणारा पेट्रोलचा वास एवढ्यापुरता असे. बॉश कंपनीचा लॅम्डा, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आला. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून इंधन कमीजास्त करण्याची पद्धत पुढे सर्वत्र रुळली, आणि ठिणगीतला दोष इंधनाच्या हिशेबात शिरण्याची वाटही तिनेच उघडली. मिसफायर चालू असताना सेन्सर मिश्रण ‘लीन’, म्हणजे इंधन कमी पडलेले, असल्याचे सांगतो. ही साक्ष ग्राह्य धरून इंधन वाढवणे बहुतेक वेळा चूक ठरते.

कारण साधे आहे. सेन्सर ऑक्सिजन मोजतो. इंधन त्याला थेट दिसत नाही. झिर्कोनियाच्या सेन्सरला एका बाजूने बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्ट लागतो, आणि दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून व्होल्टेज निर्माण होते. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त असलेले, असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, लीन असेल तर सुमारे ०.१. पेट्रोलसाठी १४.७ भाग हवेला १ भाग इंधन हे संतुलित प्रमाण. चार सिलिंडरच्या इंजिनात ते अचूक आहे, पण एका सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल मेली आहे असे समजू. त्या सिलिंडरची हवा न वापरता बाहेर पडते आणि एकूण एक्झॉस्टमध्ये साधारण ५ टक्के ऑक्सिजन उरतो. एवढा ऑक्सिजन खऱ्या लीन ज्वलनातून यायचा तर प्रमाण १९ च्या आसपास जावे लागेल. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हेच खरे मानून सगळ्या सिलिंडरांचे इंधन वाढवतो. एका सिलिंडरचा मोकळा ऑक्सिजन बाकीच्या तिघांच्या जादा इंधनाने फेडायचा, तर प्रत्येकाला एकतृतीयांश, म्हणजे ३३ टक्के इंधन जास्त द्यावे लागेल. बऱ्याच गाड्यांत ट्रिमची, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेल्या अशा दुरुस्तीची, मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास संपते. मग चांगले सिलिंडर ११.८ च्या गच्च रिच मिश्रणावर धावतात, प्लग काळे पडतात, तरी सेन्सर लीनच म्हणत राहतो आणि स्कॅनरवर ‘पी०१७१’ हा लीनचा कोड उमटतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात हाच हिशेब ५० टक्क्यांवर जातो.

यावर एक रास्त आक्षेप आहे: न पेटलेल्या हवेबरोबर तिच्या वाट्याचे पेट्रोलही बाहेर येतेच, मग वजाबाकी बरोबर का होत नाही? सेन्सरच्या प्लॅटिनमच्या थरावर दोघांची पूर्ण प्रक्रिया झाली असती तर वाचन खरेच बरोबर आले असते. पण तिथे न जळालेले पेट्रोल पुरते जळत नाही. शिवाय ऑक्सिजनचा हलका रेणू सच्छिद्र थरातून चटकन आत शिरतो आणि पेट्रोलचे जड रेणू मागे रेंगाळतात. म्हणून महागड्या वाइडबँड सेन्सरचे पारडेही लीनकडेच झुकते. जी प्रक्रिया सेन्सरवर अर्धवट राहते ती पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जोमाने होते. तिथे इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही मुबलक असल्याने आतली जाळी तापून वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तो याच धोक्याची सूचना म्हणून.

दुसरा आक्षेप असा की आजचा ईसीयू क्रँकशाफ्टच्या वेगातली बारीक घसरण पाहून मिसफायर ओळखतो, त्यामुळे तो फसणार नाही. मोठा मिसफायर असेल तर हे बऱ्याच अंशी खरे. अनेक गाड्यांत त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद होतो आणि ट्रिम गोठवली जाते. ती गोठवलीच पाहिजे, कारण आता तिथून नुसती हवा येत असते. पण नोंदीच्या उंबरठ्याखाली राहणारा, चढावर किंवा थंड इंजिनात अधूनमधून होणारा मिसफायर तसाच निसटतो आणि त्याचे खोटे लीन वाचन लाँग टर्म ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयूने लक्षात ठेवलेल्या दुरुस्तीत, साठत जाते. प्लग बदलल्यावरही काही काळ गाडी पेट्रोल जास्त पिते, त्यामागे ही साठवण असू शकते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मिश्रण खरोखर लीन असले तरीही मिसफायर होतो. मग लीन वाचन खरे नसेल कशावरून? असेलही, आणि हे ट्रिमच्या एका आकड्यावरून ठरत नाही. इनटेकमध्ये हवा ओढली जात असेल तर आयडलला वर गेलेली ट्रिम २,५०० आरपीएमला उतरते. पंप अशक्त असेल तर ती भाराबरोबर वाढते. एकाच सिलिंडरचा कोड, उदाहरणार्थ ‘पी०३०२’, आला तर कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघावी. दोष कॉइलबरोबर सरकला, तर इंधनाचा प्रश्न तिथेच मिटला. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा निघाला, तर त्या सिलिंडरला इंधन पोचत होते हे उघड आहे. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तरीही असेच लीन वाचन मिळते, तेव्हा तेही तपासावे.

सीएनजीच्या गाड्यांत ही गफलत जास्त होते. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर निमूट चालणारा झिजलेला प्लग गॅसवर मिसिंग करतो, सेन्सर लीन दाखवतो आणि मेकॅनिक गॅस वाढवतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंधनाचा नकाशा बसवणारे ट्यूनरही टर्बोच्या दाबाखाली ठिणगी विझताच स्क्रीनवर दिसणारी लीनची उसळी पाहून इंधन ओततात. अति रिच मिश्रणाने ठिणगीचे काम आणखी अवघड होते आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. टर्बोच्या अशा गाडीत प्लगची गॅप कमी करणे हा पहिला उपाय. इग्निशन निर्दोष ठरल्याशिवाय ट्रिमला आणि नकाशाला हात लावू नये.