गॅसबत्तीचा मेंटल, लायटरचा खडा आणि चिवट पोलाद

मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला, मूळ गाव यावल. आजची गोष्ट लोखंडाची आहे, पण सुरुवात करू लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीपासून. आपल्या खान्देशात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं त्यांना नक्की आठवतील. त्या बत्तीत एक पांढरी जाळीदार पिशवी असायची. तोच मेंटल.

मेंटल शोधला ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. 1891 मध्ये त्यांचं मिश्रण पक्कं झालं: 99 टक्के थोरियम ऑक्साइड, 1 टक्का सेरियम ऑक्साइड. आता थोरियम आणायचं कुठून? मोनाझाइट नावाच्या वाळूतून. 1909 मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे मोनाझाइट सापडलं. आपल्या किनाऱ्यावरचा खजिना जगाला कळला तो असा, काथ्यामुळे!

पण थोरियम काढून घेतल्यावर सेरियम, लँथनमचा ढीग उरायचा. या धातूंना रेअर अर्थ म्हणतात. नावात 'रेअर' असलं तरी सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. आउअर यांनी 1903 मध्ये या उरलेल्या मालात लोखंड मिसळून ठिणगी पाडणारा खडा बनवला. लायटरमध्ये आजही तोच खडा असतो. या धातूंच्या मिश्रणाला जर्मनमध्ये 'मिशमेटाल' म्हणतात. त्यातला 'मिश' आणि आपला 'मिश्र' शब्द भाऊभाऊच.

आता पोलादाकडे या. ताकद वेगळी, चिवटपणा वेगळा. काच कडक असते, पण पडली की फुटते. चिवट पोलाद दणका सोसतं, वाकतं, पण एकदम तडकत नाही. पोलादात थोडं गंधक असतंच. ते मँगनीजशी जोडी जमवून मऊ कण बनवतं. पत्रा लाटताना हे कण लाटले जाऊन लांब रेघा होतात. केळीचं पान आठवा. शिरांच्या दिशेने सर्रकन फाटतं, पण शिरा तोडत फाडायला जोर लागतो. रेघांच्या पोलादाचंही तसंच. रेघांच्या बाजूने तडा सहज पळतो.

सेरियम, लँथनमला ऑक्सिजन आणि गंधक दोघांचीही जबरदस्त ओढ. वितळलेल्या पोलादात टनामागे काहीशे ग्रॅम टाकले, तरी ते गंधक पकडून बारीक, गोल, कडक कण करतात. लाटलं तरी हे कण लांबत नाहीत. रेघ नाही, म्हणून तड्याला सोपी वाटही नाही. 1970 च्या दशकात तेल-वायूच्या पाइपलाइनच्या पोलादात हे खूप वापरलं गेलं.

मग बंद का पडलं? प्रमाण चुकलं की कणांचे गठ्ठे होतात, ओतायची तोटी तुंबते. तोवर गंधक आधीच काढून टाकायची तंत्रं सुधारली आणि स्वस्त कॅल्शियमने बरंच काम भागू लागलं. पण विषय संपला नाही. 2022 मध्ये चीनच्या शेनयांगमधल्या संशोधकांनी दाखवलं, की खरा खलनायक ऑक्सिजन आहे. पोलादात आणि टाकायच्या रेअर अर्थमध्ये, दोन्हीकडे तो कमी ठेवला, की बेअरिंगचं पोलाद कितीतरी जास्त टिकतं.

आणि आपण? 1950 मध्ये भारत सरकार आणि त्रावणकोर-कोचीन यांनी मिळून इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली. 1952 मध्ये केरळात अलुव्याला कारखाना सुरू झाला. कंपनीचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत, प्रभादेवीला आहे. 1951 मध्ये देशात धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेकडून गहू हवा होता. अमेरिकन संसदेत मागणी झाली, की बदल्यात मोनाझाइट द्या. नेहरूंनी ते मान्य केलं नाही. शेवटी 19 कोटी डॉलरच्या कर्जावर गहू आला. वाळू देशातच राहिली.

भुकेच्या वर्षी ती वाळू राखली गेली, म्हणून मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो. आपल्या मोनाझाइटमधल्या रेअर अर्थमध्ये जवळपास निम्मं सेरियमच असतं. चुंबकांसाठी सगळं जग त्यातल्या निओडिमियमच्या मागे लागलंय, आणि सेरियम परत ढिगात पडतंय, आउअरच्या काळासारखं. राखलं ते वापरायचं कसं, हा प्रश्न आता आपल्या पिढीच्या इंजिनिअरांचा आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरात कुणाला मेंटल आठवतोय का, जरूर विचारा.