दूरच्या खटक्याची कुळकथा

विदर्भातल्या आष्टी तालुक्यात संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर मोटरची पेटी उघडली, तर जुन्या स्टार्टरशेजारी सिमकार्ड घातलेला एक छोटा डबा दिसू शकतो. घरून फोन लावायचा, वावरातली मोटर चालू. हा डबा आणि चारचाकीत बाहेरून बसवून घेतलेला रिमोट स्टार्टर यांचं दुकान वेगळं, गिऱ्हाईक वेगळं. पण घराणं एकच. या घराण्याची गोष्ट सहसा सोयीची गोष्ट म्हणून सांगितली जाते: आधी हँडल, मग चावी, मग बटण, मग फोन. मला ती अपुरी वाटते. माणूस यंत्रापासून जसजसा लांब गेला, तसतसं त्याचे डोळे, कान आणि हात जे काम नकळत करत होते, ते तारांवर सोपवावं लागलं. यंत्र चालू करायची युक्ती लवकर सापडली. ते केव्हा चालू करायचं नाही, हे तारांना शिकवायला फार वेळ लागला.

पेट्रोल इंजिनाच्या पुढ्यात उभं राहून हँडल मारताना ठिणगी अवेळी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. मोटारकारखानदार बायरन कार्टर 1908 मध्ये अशाच दुखापतीनंतर गेले आणि त्या धक्क्याने कॅडिलॅकच्या हेन्री लीलंड यांनी विजेच्या स्टार्टरचा ध्यास घेतला, असं सांगतात. तो चार्ल्स केटरिंग यांनी करून दिला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसला. केटरिंग यांनी आधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर लावली होती. काही क्षणच फिरवायची असेल तर लहान मोटरवरही मोठा भार टाकता येतो, हे तिथलं शहाणपण त्यांनी गाडीत आणलं. घराण्यातला दुसरा पूर्वज याहून जुना, तारायंत्राच्या काळातला. क्षीण प्रवाहाने विद्युतचुंबक ओढायचा आणि त्याने दुसरं, जोरकस मंडळ जोडायचं, हे अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी 1830 च्या दशकात दाखवलं. तोच आजचा रिले. गाडीच्या साध्या रिलेत 85 आणि 86 या टोकांना पाव अँपियरही पुरतो, आणि त्यावर 30 व 87 या टोकांमधून तीस-चाळीस अँपियर सोडता येतात. स्टार्टर मोटर शंभराहून जास्त अँपियर ओढते, म्हणून रिले सॉलेनॉइडला उठवतो आणि सॉलेनॉइड मोटरला. ही उतरंड नसती तर खिशातल्या रिमोटने इंजिन हललं नसतं.

आता स्टिअरिंगखालचं वायरिंग पाहू. चावीच्या स्विचला बॅटरीची, ॲक्सेसरीची, इग्निशनची आणि स्टार्टरची अशा तारा येतात. रिमोट स्टार्टरचा डबा या तारांवर चावीचीच नक्कल करतो: इग्निशन देतो, इंधनाचा पंप दाब धरेपर्यंत थांबतो, ॲक्सेसरी तोडून स्टार्टर लावतो. इथवर काम सोपं आहे. पण इंजिन धरलं की नाही हे चालक कानाने ओळखतो. डब्याला त्यासाठी इंजिनाचे फेरे मोजणारी तार हवी, किंवा बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टवरून चौदाकडे चढला का हे तरी पाहायला हवं. बॉनेट उघडं असेल तर आत कोणाचा हात असू शकतो, म्हणून बॉनेटखाली पिनचा स्विच. चावी न लावता कोणी ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडावं, म्हणून ब्रेकची तार. चालू करणाऱ्या तारा मोजक्याच. उरलेल्या बऱ्याचशा अडवणाऱ्या.

विहिरीवर हेच दुसऱ्या रूपात घडलं. हिरवं बटण दाबलं की स्टार्टरची कॉइल संपर्क धरून ठेवते, लाइन गेली की सोडते. लाइन परत आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही, हा त्या पेटीतला शहाणा भाग. रात्रीच्या पाळीत लाइन आली की साप-विंचवाच्या वाटेने ओलिताला कोण जाणार, म्हणून शेतकऱ्यांनी ‘ऑटो’ बसवला. ऑटो हिरवं बटण दाबतो, पण विचारत काहीच नाही. लाइन आल्याबरोबर डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, साऱ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळू शकतो. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण म्हणूनच सांगत आलं आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने मोबाइलवरून मोटर चालवून दाखवली, 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्यातली मोलाची गोष्ट मला ही वाटते की विहिरीवर लाइन आहे की नाही, हे तो फोनवर कळवतो. एक फेज गेली की मोटर नुसती घुमते, विहीर उपसली की तिचा आवाज बदलतो. काठावर उभ्या शेतकऱ्याला हे ऐकू येतं. घरी बसलेल्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रनचं संरक्षण ऐकतं.

यावर म्हणता येईल की थंड मुलुखात रिमोटने इंजिन तापवण्याची चैन आणि विदर्भातल्या शेतकऱ्याची गरज एका दावणीला बांधू नये. गरजा वेगळ्या आहेतच, पण यंत्राजवळ माणूस नसण्याचा धोका एकच आहे, आणि वायरिंग धोक्याप्रमाणे करायचं असतं. मोबाइल स्टार्टरने पाण्याची नासाडी वाढते, हा आक्षेप जास्त वजनदार. घरून मोटर चालू करणं सोपं झालं की ती विसरणंही सोपं होतं. पण बंद करणंही तितकंच सोपं होतं, आणि वेळ लावून देता येते. ऑटोवर यातलं काहीच नाही. रात्रीच्या पाळीऐवजी दिवसा लाइन मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ती बांधापर्यंत पोचली की रात्रीची पायपीट टळेल, कोरड्या विहिरीत फिरणारी मोटर मात्र दिवसाही जळते.

गाडीच्या बाजूला मात्र हे घराणं उलट्या दिशेनेही गेलं आहे. चोरी रोखायला चावीत चिप आणि गाडीत इमोबिलायझर आले, तर रिमोट स्टार्टर चालावा म्हणून दुसरी चावी डॅशबोर्डखाली कायमची बांधून ठेवण्याची रीत पडली. ही पहारेकऱ्यालाच झोपवणारी जोडणी आहे, आणि ती मला मान्य नाही. हाताने गिअर टाकायच्या गाडीत धोका अजून मोठा: गिअरमध्ये उभी राहिलेली गाडी दुरून स्टार्टर लागताच पुढे झेपावते. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 126 सार्वजनिक जागी उभ्या गाडीबद्दल सांगतं की सीटवर परवानाधारक हवा, नाहीतर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला, किंवा गाडी चुकून हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त केलेला हवा. म्हणून अशा गाडीला रिमोट बसवायचाच असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे हे सांगणाऱ्या दोन तारा आधी जोडाव्यात, तपासाव्यात, आणि स्टार्टरची तार त्यानंतर.