पिंपाचा पूर्वेतिहास

आमच्या शाळेला नळाचे पाणी एक दिवसाआड येते. म्हणून दोन वर्षांपूर्वी भंगारातून एक निळे पिंप आणले. आत कसला तरी गोडसर वास होता. शिपाईमामांनी ते तीनदा धुतले आणि म्हणाले, "टीचर, साफ झालं." उर्दू शिकवताना 'साफ' आणि 'पाक' या शब्दांतला फरक मी मुलांना नेहमी सांगते. डोळ्यांना दिसते ते साफ. पण डोळ्यांना सगळेच दिसत नाही. पिंपाच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

आपल्या वाडवडिलांच्या भांड्यांना कुळ होते. मश्क कोणत्या कातड्याची, हे भिस्तीला ठाऊक असे. तांब्याचा हंडा आजीच्या लग्नातला असे. आंबटाने तांबे उतरते हे घरोघर माहीत होते. कल्हई उडाली की कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन दारात बसे. मग प्लास्टिक आले. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिगलर यांनी कमी दाबाखाली घट्ट पॉलिइथिलीन बनवण्याची रीत शोधली. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजची दोनशे लिटरची पिंपे याच घट्ट पॉलिइथिलीनची. हलकी, न गंजणारी, स्वस्त, पण अनोळखी. लेबल फाडले की त्यांचे कुळ पुसले जाते.

१९५८ साली केरळात विषारी गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजातून येताना फॉलिडॉल हे कीटकनाशक गळून पिठात मुरले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने चौकशी केली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे: रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत.

नियम कागदावर राहिला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मुले भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी जेवली. तेवीस मुले गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे तपासात पुढे आले. मी तेव्हा बी.एड. करत होते. पाठ-नियोजनाच्या वहीत डबा कसा ओळखावा, हे कुठेच नव्हते.

धुऊनही विष का राहते? प्लास्टिक दिसते गुळगुळीत, पण तेलकट रसायने त्याच्या अंगात मुरतात आणि पुढे हळूहळू बाहेर पडतात. साबण फक्त वरचा थर धुतो. कीटकनाशकाचा डबा शेतकऱ्याने तीनदा विसळावा असे सांगतात, ते खरे आहे: पाव डबा पाणी, अर्धा मिनिट हलवणे, आणि ते पाणी फवारणीच्या पंपात ओतणे. पण ते तीनदा विसळणे डबा फोडून टाकण्यापूर्वीचे आहे, पाणी पिण्यासाठीचे नाही. बुडाशी त्रिकोणातला २ हा आकडाही फक्त प्लास्टिकची जात सांगतो. आत काय होते ते सांगत नाही.

म्हणून आधी प्रश्न, मग पाणी. लोणचे, सरबत, खाद्यतेल असे खाण्याचे पदार्थ असलेलेच पिंप घ्यावे, तेही माहितीच्या माणसाकडून. तोटी आणि झाकणाची रबरी चकती काढावी. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने घासून भरपूर विसळावे. नंतर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साधे, वासाशिवायचे ब्लीच या प्रमाणात पाणी करून ते आतून सगळीकडे फिरवावे, अर्धा मिनिट थांबून ओतून द्यावे आणि पिंप वाळू द्यावे. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये. ज्याचा पूर्वेतिहास कळत नाही, त्या पिंपाला कोणतीही धुलाई पुरेशी नाही.

ते गोडसर वासाचे पिंप आम्ही फोडले. शिपाईमामा दोन दिवस नाराज होते. पैसे गेले होते. मग लोणच्याच्या दुकानातून दुसरे आले. ते धुऊन झाल्यावर त्यांनीच सातवीच्या मुलींकडून त्यावर रंगाने उर्दूत आणि मराठीत लिहून घेतले: "पूर्वी लोणचे होते." तारीखही घातली.

वर्गात इतिहास शिकवताना मी आता त्या पिंपापासून सुरुवात करते.